जँगोमध्ये प्रत्येक रिक्वेस्टची आणि वापरकर्त्याची नीट नोंद कशी ठेवावी

जँगो हे पायथनमधलं वेब फ्रेमवर्क आहे. त्याच्यापुढे चालणाऱ्या एनजिनएक्स किंवा गुनिकॉर्न या सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये आयपी, पाथ आणि स्टेटस मिळतो, पण ती रिक्वेस्ट लॉगिन केलेल्या कोणत्या वापरकर्त्याची होती हे त्यांना कळत नाही. जँगोचा 'रनसर्व्हर' हा कमांड टर्मिनलवर दाखवतो त्या ओळी डेव्हलपमेंटपुरत्याच असतात. म्हणून ही नोंद अ‍ॅपच्या आत, मिडलवेअरमध्ये, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट आणि उत्तर ज्यातून जातं त्या मधल्या थरात करावी लागते.

आधी काय लिहायचं ते ठरवा. प्रत्येक रिक्वेस्टमागे एकच ओळ, तीही उत्तर तयार झाल्यावर. तिच्यात रिक्वेस्टचा आयडी, मेथड, पाथ, स्टेटस, लागलेले मिलिसेकंद, वापरकर्त्याची प्रायमरी की (डेटाबेसमधला त्याचा आयडी), आयपी आणि पहिल्या २०० अक्षरांपर्यंतचा यूझर एजंट (ब्राउझरची ओळख) असावा. 'सगळे हेडर लिहू, नको ते नंतर गाळू' हा मार्ग धोक्याचा आहे. ऑथरायझेशन आणि कुकी हे हेडर लॉगमध्ये गेले, की लॉग वाचू शकणाऱ्या कोणालाही ती सेशन वापरता येतात. त्यामुळे हव्या त्या हेडरची यादी करा आणि तेवढेच घ्या. ईमेल, फोन, नाव यांची गरज नाही. प्रायमरी कीवरून ते डेटाबेसमध्ये सापडतात. क्वेरी स्ट्रिंगमध्येही टोकन येतात, तेव्हा तिथेही ठरावीक पॅरामीटरच उचला.

मिडलवेअर

अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये मिडलवेअरची फाइल करून एक क्लास लिहा. त्याच्या 'इनिट'मध्ये 'गेट_रिस्पॉन्स', म्हणजे रिक्वेस्ट पुढे पाठवून उत्तर आणणारं फंक्शन, साठवून ठेवा. 'कॉल'मध्ये क्रम असा: 'यूयूआयडी४'ने आयडी बनवा, 'टाइम' मॉड्यूलच्या 'पर्फ_काउंटर'ने सुरुवातीची वेळ घ्या, 'गेट_रिस्पॉन्स'ला रिक्वेस्ट द्या, परत आल्यावर फरक काढा, ओळ लिहा, उत्तराच्या 'एक्स-रिक्वेस्ट-आयडी' हेडरमध्ये आयडी घाला आणि उत्तर परत करा. साधं 'टाइम.टाइम' वापरलं तर सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे सरकल्यावर कालावधी चुकतो, कधी ऋणही येतो.

सुरुवातीची वेळ किंवा आयडी 'सेल्फ'वर मात्र ठेवू नका. 'इनिट' सर्व्हर सुरू होताना एकदाच चालतो आणि तो एकच ऑब्जेक्ट सगळे थ्रेड वापरतात. 'सेल्फ'वर ठेवलेला आयडी दुसऱ्या रिक्वेस्टच्या ओळीत जाईल, आणि हा घोळ एकट्याने टेस्ट करताना कधीच दिसणार नाही. लोकल व्हेरिएबल किंवा रिक्वेस्ट ऑब्जेक्ट वापरा.

सेटिंग्जमधल्या मिडलवेअरच्या यादीत हा क्लास सर्वात वर टाका. रिक्वेस्ट वरून खाली जाते आणि उत्तर खालून वर येतं, म्हणजे वर असल्यावर बाकी मिडलवेअरचा वेळही मोजला जातो. स्ट्रीमिंग उत्तराच्या बाबतीत हा आकडा उत्तर सुरू होईपर्यंतचाच असतो. फाइल पूर्ण पाठवायला लागलेला वेळ त्यात येत नाही.

वापरकर्ता

'रिक्वेस्ट.यूझर' हे ऑथेंटिकेशन मिडलवेअर लावतं आणि ते आपल्या खाली आहे. म्हणून वापरकर्ता 'गेट_रिस्पॉन्स'नंतरच वाचा. एपीआय बनवण्यासाठीच्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये तर दुसरा मार्गच नाही, कारण टोकनची तपासणी व्ह्यूच्या (उत्तर तयार करणाऱ्या कोडच्या) आत होते आणि त्यानंतरच तो वापरकर्ता मूळ रिक्वेस्टवर बसवला जातो. आधी वाचलं तर एपीआयची प्रत्येक ओळ 'अनोळखी' म्हणून लिहिली जाईल.

तरीही 'गेटअ‍ॅट्र' वापरून, डीफॉल्ट 'नन' देऊनच वाचा. मधल्या एखाद्या मिडलवेअरने वरच्या वर रीडायरेक्ट केलं तर 'यूझर' हा गुणधर्म तयारच झालेला नसतो, आणि लॉगिंगमुळे साइट पडणं हे सर्वात वाईट. शिवाय 'रिक्वेस्ट.यूझर' आळशी आहे: पहिल्यांदा हात लावल्यावरच तो डेटाबेसकडे जातो. व्ह्यूने वापरकर्ता वाचलाच नसेल तर तुमची लॉगची ओळ जादा क्वेरी करते. असिंक्रोनस मिडलवेअरमध्ये तर त्यावर थेट एरर येतो. तिथे जँगो ५.०पासून असलेलं 'रिक्वेस्ट.एयूझर' 'अवेट' करून घ्या.

आयपी

'रिक्वेस्ट.मेटा'मधला 'रिमोट_अ‍ॅड्र' प्रॉक्सीमागे (अ‍ॅपच्या पुढे बसून रिक्वेस्ट आत पाठवणाऱ्या सर्व्हरमागे) प्रॉक्सीचाच पत्ता दाखवतो. मग 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हेडर बघावा लागतो, आणि इथे सर्रास होणारी चूक म्हणजे यादीतला पहिला पत्ता घेणं. तो हेडर कोणीही स्वतः भरून पाठवू शकतो. प्रॉक्सी आपल्याला दिसलेला पत्ता यादीच्या शेवटी जोडतो, म्हणून उजवीकडून मोजा: आपला एकच प्रॉक्सी असेल तर शेवटचा पत्ता, दोन असतील तर शेवटून दुसरा.

बॉडी

रिक्वेस्टची बॉडी, म्हणजे तिच्यासोबत पाठवलेला डेटा, शक्यतो लिहूच नका. पासवर्ड त्यातच असतात. 'सेन्सिटिव्ह_पोस्ट_पॅरामीटर्स' हे डेकोरेटर जँगोच्या एरर रिपोर्टपुरतं झाकतं. तुम्ही स्वतः लिहिलेल्या लॉगला ते लागू होत नाही.

तांत्रिक अडचणीही आहेत. 'रिक्वेस्ट.बॉडी' वाचताना जँगो पूर्ण आकार 'डेटा_अपलोड_मॅक्स_मेमरी_साइझ'शी ताडून बघतो, आणि त्याची डीफॉल्ट मर्यादा २.५ एमबी आहे. एरवी अपलोड केलेल्या फाइल या मोजणीत धरल्या जात नाहीत. पण मिडलवेअरने आधी बॉडीला हात लावला की ५ एमबीचा फोटो एकदम ४००ने परत जातो, आणि दोष अपलोडच्या कोडमध्ये शोधला जातो. उलट, मल्टिपार्ट फॉर्म व्ह्यूने वाचून झाल्यावर बॉडी मागितली तर 'रॉ_पोस्ट_डेटा_एक्सेप्शन' येतो. अगदीच हवी असेल तर कंटेंट टाइप जेसन आहे, लांबी काही केबीच आहे हे आधी तपासा, आणि ठरावीक कीच उचला.

लॉगिंगची सेटिंग्ज

सेटिंग्जमधल्या 'लॉगिंग' डिक्शनरीत व्हर्जन १ आणि 'डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स' 'फॉल्स' ठेवा. ते न लिहिल्यास 'ट्रू' धरलं जातं आणि आधीपासून असलेले लॉगर मुके होतात. आपल्या लॉगरला स्वतःचा हँडलर (ओळी बाहेर लिहिणारा भाग) दिला आणि रूट म्हणजे सर्वात वरच्या लॉगरलाही हँडलर असेल, तर 'प्रोपगेट', म्हणजे ओळ वरच्या लॉगरकडे पाठवणं, बंद करा. नाहीतर प्रत्येक ओळ दोनदा येते.

खरा उपयोग तेव्हा होतो जेव्हा व्ह्यूमधल्या इतर ओळींवरही तोच आयडी दिसतो. त्यासाठी पायथनच्या 'कॉन्टेक्स्टव्हार्स' मॉड्यूलमध्ये, जिथे प्रत्येक रिक्वेस्टची किंमत वेगळी राहते, एक व्हेरिएबल करा, मिडलवेअरच्या पहिल्याच ओळीत त्यात आयडी भरा, आणि लॉगिंग फिल्टरमधून तो प्रत्येक रेकॉर्डवर चढवा. फिल्टर लॉगरला नाही, हँडलरला लावा. लॉगरवरचा फिल्टर खालच्या लॉगरकडून वर आलेल्या रेकॉर्डना लागत नाही. मग फॉर्मॅटरला आयडी सापडत नाही आणि तो एरर देतो. व्हेरिएबल मिडलवेअरच्या शेवटी रिकामं करू नका. ४०४ची सूचना जँगो सगळी मिडलवेअर संपल्यावर लिहितो, तिच्यावरचा आयडी जाईल. पुढची रिक्वेस्ट तो तसाही बदलते.

फॉर्मॅट जेसनच ठेवा. यात शोधायची सोय आहे, पण त्याहून मोठं कारण सुरक्षेचं आहे. 'रिक्वेस्ट.पाथ' जँगो डीकोड करून देतो, म्हणजे यूआरएलमध्ये एन्कोड करून टाकलेली नवी ओळ खरोखर नवी ओळ होते आणि साध्या टेक्स्ट लॉगमध्ये कोणीही खोटी नोंद घुसवू शकतो. जेसनमध्ये ती एस्केप होते. जेसन बनवताना 'एन्शुअर_आस्की' 'फॉल्स' केल्यास मराठी मजकूर वाचता येतो. जादा माहिती लॉगिंग कॉलच्या 'एक्स्ट्रा'मधून द्या, पण कीला 'नेम', 'मेसेज' किंवा 'आर्ग्ज' नाव देऊ नका. ती राखीव असल्याने 'कीएरर' येतो.

लॉग स्टँडर्ड आउटपुटवर पाठवणं सर्वात सुटसुटीत. 'रोटेटिंग_फाइल_हँडलर' अनेक वर्कर प्रोसेसमध्ये बिघडतो: एक वर्कर फाइलचं नाव बदलतो, बाकीचे जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतात आणि ओळी हरवतात. फाइलच हवी असेल तर 'वॉच्ड_फाइल_हँडलर' आणि बाहेरून लॉगरोटेट (लॉगच्या फाइल बदलणारं लिनक्सचं साधन) वापरा.

शेवटी लॉगमध्ये काय आलं ते तपासणारं 'असर्टलॉग्ज' वापरून किमान चार टेस्ट लिहा: लॉगिन केलेला वापरकर्ता, लॉगिन नसलेला, व्ह्यूमध्ये एरर आल्यावरचं ५००, आणि ऑथरायझेशन हेडर पाठवल्यावर त्याची किंमत लॉगमध्ये कुठेही आलेली नाही याची तपासणी. ५००च्या टेस्टसाठी टेस्ट क्लायंटला 'रेझ_रिक्वेस्ट_एक्सेप्शन' 'फॉल्स' द्या, नाहीतर एरर थेट टेस्टमध्येच फुटतो.