घुमी भाची आणि बांगड्यांचा वाटा

दर मे महिन्यात बहीण डोंबिवलीहून नवऱ्या-पोरांसह आमच्याकडे मालवणला येते. थोरली भाची चौदा वर्षांची. घरात पाहुणे आले की ही माजघरात, आणि तिला काही विचारलं तर उत्तर तिची आई देणार. मागल्या वर्षी मीच माती खाल्ली. शेजारच्या हळदीला "हिचा गळा गोड आहे" म्हणत तिला सगळ्यांसमोर उभं केलं. दोन ओळींत आवाज बसला, आणि पुढचे चार दिवस ती माझ्याशीही बोलली नाही. यंदा जे केलं ते सांगतो. घरात असं पोर असेल तर करून बघा.

आधी मोठ्यांना आवरा. "घुमी आहे हो आमची" हे वाक्य घरात बंद. "किती टक्के पडले?" तेही बंद. माझ्या आईला हे पटवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. पोराला कोणी काही विचारलं, की मनात दहापर्यंत आकडे मोजा, पण उत्तर पोरालाच देऊ द्या. दहा आकडे फार लांब असतात, हे मला यंदा कळलं.

मग एसटी. कुडाळहून येताना पैसे तिच्या हातात दिले. २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे हिशेबही तिलाच करायचा होता: दोन महिला, दोन फुल, धाकट्या भावाचं हाफ. कंडक्टर म्हणाला, "मोठ्यान बोल गो." दुसऱ्यांदा बोलली. एवढंच, पुढे जाऊ.

खरी शाळा मासळी बाजारात. लाजऱ्या पोराला "घाबरू नको" म्हणून काही होत नाही. त्याला पहिलं वाक्य तयार लागतं आणि एखादी गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते. म्हणून आदल्या दिवशी घरीच बांगडा हातात देऊन शिकवलं: कल्ला उचलून बघ, लालभडक हवा, डोळा चमकदार हवा, बोटानं दाबलं तर खड्डा राहता कामा नये. वाक्य दिलं, "बांगडे कसे दिले?" आणि मी पन्नास पावलांवर, पाठ फिरवून उभा राहिलो. शेजारी उभं राहिलात तर बोलणं तुमच्याच गळ्यात पडतं.

पहिल्या दिवशी मासेवालीनं उलट विचारलं, "कोणाचा गो चेडू तू?" म्हणजे कोणाची मुलगी. हिची बोबडी वळली. सांगितला तो भाव देऊन बांगड्यांचा वाटा, म्हणजे मांडलेला ढीग, घेऊन आली. बहीण "फसवलं तुला" म्हणणार होती, मी डोळ्यांनी दटावलं. ते पन्नासेक रुपये शिकवणीची फी समजा. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून कल्ला उचलून बघितला, नाक मुरडलं आणि पुढच्या टोपलीकडे गेली. पाचव्या दिवशी पिशवीत ठरल्यापेक्षा दोन बांगडे जास्त निघाले. कसे मिळाले ते मी विचारलं नाही. "बघा, बोलली!" असं चारचौघांत तर मुळीच म्हणू नका. लाजाळूचं पान हात लावला की मिटतं.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर तिला तीन लहान भावंडांची वाटाडी केलं. मोठ्या माणसांपुढे न उघडणारं तोंड सात-आठ वर्षांच्या पोरांपुढे उघडतं. होडी सुटण्याआधी तिनं वहीत लिहून घेतलं होतं: अठ्ठेचाळीस एकर, शिवरायांच्या हाताचा नि पायाचा ठसा, चहूकडे खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. पोरांना साखरबावीचं पाणी गोड लागतं का, एवढीच चिंता. किल्ल्याचं काम १६७४ला सुरू झालं, असं तिनं ठोकून दिलं. मी गप्प. रात्री जेवताना तीच म्हणाली, "मामा, ते राज्याभिषेकाचं साल. किल्ल्याचं १६६४." पोरांनाही तिनंच जाऊन सांगितलं.

अजूनही नातेवाईक जमले की ती माजघरातच असते. असू दे. तिथं आई कैऱ्या चिरत असते, दोघींचं बरं चालतं.

परतीच्या दिवशी कुडाळ स्टेशनवर आमचा डबा कुठे लागणार, यावरून बहीण आणि भावोजींची जुंपली. भाची दोघांना तिथंच सोडून हमालाकडे गेली, विचारून आली आणि म्हणाली, "मागे चला, पाण्याच्या नळाजवळ." मी आंब्याची पेटी खांद्यावर घेतली आणि तिच्या मागोमाग निघालो.