सोडा मशीन घ्यायचंय? आधी सिलिंडरचं विचारा

मशीनची किंमत नंतर बघा. मशीनला लागणारा कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर सोलापुरात कोण बदलून देतं, ते आधी विचारा. दर वेळी पुण्याहून मागवावा लागणार असेल तर घेऊ नका, असंच मी सांगेन. 400 ग्रॅमच्या आसपास गॅस असलेल्या सिलिंडरवर कंपन्या 60 लिटरपर्यंत सोडा होतो म्हणतात. कडक सोडा आवडत असेल तर कमीच धरा. भरायच्या खर्चाला तेवढ्या लिटरांनी भागा आणि दुकानातल्या बाटलीशी ताडून बघा. आमच्याकडे उन्हाळाभर रोज लिंबू सोडा लागतो, म्हणून परवडतं. पाहुण्यांपुरताच लागत असेल तर बाटलीच बरी.

फ्रिजमध्ये जागा हवीच. गॅस गार पाण्यात चांगला विरघळतो. मे महिन्यात टाकीचं कोमट पाणी घेतलं तर सोडा मिळमिळीत होतो. लिंबू, साखर, मीठ गॅस भरल्यानंतरच घाला.