पांढऱ्या वाइनचे लेबल: या चुका टाळा

शेनिन ब्लाँसारखी पेरू-अननसाच्या गंधाची, सहज पिता येणारी पांढरी वाइन असली की तिचे लेबलही सहज जमेल, असे नव्या डिझायनरांना वाटते. नागपुरात लेबले छापून घेताना मला त्याच त्या चुका पुन्हापुन्हा दिसतात आणि त्यांतली पहिली म्हणजे लेबल कोरड्या टेबलावर ठेवून पसंत करणे. ही वाइन 8 ते 10 अंश तापमानाला, बहुधा बर्फाच्या बादलीतून काढून वाढली जाते. तेव्हा लेबलाचे आयुष्य पाण्यातच जाते.

काही वर्षांपूर्वी एका शेनिन ब्लाँसाठी आम्ही खरखरीत पोताचा, दिसायला अतिशय देखणा कागद निवडला. चाचणी मे महिन्यात केली. बाटली फ्रिजमधून काढली, थोडा वेळ बाहेर ठेवली, लेबल जसेच्या तसे राहिले आणि आम्ही छपाईला होकार दिला. मे महिन्यातली आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की गार काचेवर दव फारसे धरतच नाही, हे त्या वेळी ध्यानात आले नाही. जुलैत धरमपेठेतल्या एका समारंभात तीच बाटली बादलीतून वर आली, तेव्हा कागद फुगून करडा पडला होता, कोपरे सुटले होते आणि थोड्याच वेळात अख्खे लेबल वाढणाऱ्याच्या हातात आले. तेव्हापासून मी ओल्यात टिकणारा, म्हणजे वेट स्ट्रेंथ कागद आणि बर्फाच्या पाण्यात धरून राहणारा गोंदच मागतो. लेबल कोरड्या बाटलीवर लावून 24 तास तसेच ठेवतो, मग बाटली तासभर बर्फाच्या पाण्यात बुडवतो आणि अंगठ्याने कडा घासून पाहतो. हे 24 तास वाचवण्याची घाई करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. काम परत पाठवतो.

दुसरी चूक खास आपल्या गावची आहे. वाइन ‘फ्रूटी’ आहे म्हणून लेबलावर संत्र्याची फोड काढतात. तो गंध द्राक्षातून आणि आंबवण्याच्या क्रियेतून येतो, बाटलीत संत्रे नसते. पण नागपूरचा ग्राहक ते चित्र पाहून संत्र्याचीच वाइन समजणार आणि पहिल्या घोटाला फसवणूक झाल्यासारखे त्याला वाटणार. गंध सुचवायचा असेल तर तो रंगातून सुचवावा, फळ काढू नये.

रंग मात्र संगणकाच्या पडद्यावर ठरवू नये. भरलेल्या बाटलीवर प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, चिकटवून पाहावे, कारण पारदर्शक काचेमागे फिकट हिरवट-पिवळी वाइन असते आणि तिच्या शेजारी लिंबू रंग मळका दिसतो.

वैधानिक इशारा शेवटी कोपऱ्यात कोंबू नये. 750 मिलिलिटरच्या बाटलीवर त्याची अक्षरे किमान 3 मिलिमीटर उंच लागतात, म्हणून मी मागच्या लेबलाची आखणी त्या ओळींपासूनच सुरू करतो.

बाटलीचा खांदा जिथे वळू लागतो, त्याच्या काही मिलिमीटर खालीच लेबलाची वरची कड थांबवावी, नाहीतर तिथे चुणी पडते आणि ती कोणत्याही गोंदाने बसत नाही.