स्कॅनर कधी आणि बफर्डरीडर कधी

जावा शिकणारी पोरं इनपुट वाचायला सगळीकडे स्कॅनर हा क्लासच लावतात, आणि कीबोर्डवरून चार आकडे घ्यायचे असतील तर तेच बरं की, नेक्स्टइंट म्हटलं की सरळ आकडाच हातात येतोय. पण नेक्स्टइंट आकडा घेतो आणि एंटर तिथंच सोडतो, त्यामुळं लगेच पूर्ण ओळ घेणारं नेक्स्टलाइन लावलं तर रिकामी ओळ मिळते, म्हणून मध्ये एक जादा नेक्स्टलाइन टाकायचं.

दुसरं म्हणजे नुसतं नेक्स्ट स्पेस दिसली की थांबतंय. गावाच्या जागी 'कंग्राळी बुद्रुक' टाईप केलं तर फक्त 'कंग्राळी' येणार, 'कंग्राळी खुर्द' टाकलं तरी तेच, आता झाली की दोन्ही गावं एक! गावं, नावं, पत्ते असले की नेक्स्टलाइनच वापरा.

फाईल मोठी असेल, डेअरीच्या दूध नोंदीसारखी हजारो ओळींची, तर बफर्डरीडरनं (मजकूर ओळीओळीनं वाचणारा जावाचा दुसरा क्लास) ओळ घ्या आणि स्प्लिटनं रकान्यांत तोडा. स्कॅनर आतून रेगेक्स (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) चालवतो म्हणून हळू पडतो. एक बघा, शेवटचे रकाने रिकामे असले तर साधं स्प्लिट ते गाळून टाकतं, त्याला दुसरं आर्ग्युमेंट -१ द्यायचं. ओळ तोडणारा जुना क्लास स्ट्रिंगटोकनायझर तर मधला रिकामा रकानापण खातो, संध्याकाळचं दूध नसलं की फॅटचा आकडा लिटरच्या जागी येऊन बसतो. जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्येच नवीन कोडमध्ये तो नको म्हणून लिहिलंय, जुन्या लॅब मॅन्युअलमध्ये दिसला तरी सोडून द्या.