नर्सिंगचे पहिले वर्ष : शरीरातील पाणी, ध्वनी आणि प्रकाश

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून नागपुरात नर्सिंगला येणाऱ्या अनेक मुलामुलींना शरीरद्रवांच्या संतुलनाचा धडा कोरडा वाटतो, आणि ध्वनी व प्रकाश हा भाग तर बारावीबरोबरच संपला अशी त्यांची समजूत असते. याच शहरात शिकून येथेच वॉर्डात काम करताना माझे मत असे झाले आहे की, हे दोन्ही विषय पाठ न करता कागदावर आकडेमोड करत शिकावेत.

पहिला हिशेब पाण्याचा करावा. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असते. त्यातील २८ लिटर पेशींच्या आत आणि १४ लिटर पेशींबाहेर असते, आणि बाहेरच्या या पाण्यापैकी रक्तद्रवाच्या (प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पेशी वगळता उरणारा द्रव) वाट्याला जेमतेम तीन ते साडेतीन लिटर येते. एवढे मनात पक्के झाले की सलाईनच्या बाटल्यांमधला फरक आपोआप उलगडतो. नॉर्मल सलाईनमधील सोडियम मुख्यतः पेशींबाहेरच राहते, म्हणून एक लिटरपैकी साधारण पाव लिटर रक्तवाहिन्यांत टिकते. पाच टक्के डेक्स्ट्रोजमधील साखर मात्र पेशी वापरून टाकतात, उरलेले पाणी सगळीकडे पसरते आणि रक्तद्रवात शंभर मिलिलिटरही राहत नाही. रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला डॉक्टर डेक्स्ट्रोज का लावत नाहीत, याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की हाच धडा कॅज्युअल्टीत समोर उभा राहतो. घामात रक्ताच्या मानाने सोडियम कमी असते; त्यामुळे घाम गेल्यावर रक्त दाट होते, तहान लागते, मेंदूतून मूत्ररोधक संप्रेरक स्रवते आणि लघवी थोडी व गडद होते. पण तासन्‌तास घाम गाळलेल्या माणसाने केवळ साधे पाणी भरपूर प्यायले, तर रक्तातील सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली घसरू शकते. ओआरएसचे (मीठ-साखरेच्या जलसंजीवनीचे) महत्त्व येथे कळते. त्यात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल असतात, कारण आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत जाते व त्यांच्यामागून पाणी जाते. म्हणून एक लिटरचे पाकीट एकाच वेळी पूर्ण लिटरभर पाण्यात विरघळवायचे, अंदाजाने ग्लासात थोडे थोडे टाकायचे नाही आणि वरून साखरही घालायची नाही, हे नातेवाइकांना भांडे दाखवून सांगावे. नुसते तोंडी सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत विसरले जाते.

इनटेक-आउटपुट चार्ट, म्हणजे रुग्णाच्या शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद, भरताना त्वचेतून आणि श्वासातून जाणारे पाणी कोणत्याही रकान्यात येत नाही, हे ध्यानात असू द्यावे. रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर घेतलेले वजन अधिक खरे बोलते. एका दिवसात एक किलो कमी झाले, तर साधारण एक लिटर पाणी गेले असे धरावे.

ध्वनीकडे वळताना फक्त वेगांची तुलना करावी. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तर शरीराच्या मऊ ऊतींत सुमारे १५४० मीटर. हवा आणि त्वचा यांच्या सीमेवर जवळपास सगळा ध्वनी परत फिरतो, म्हणूनच सोनोग्राफीपूर्वी जेल लावतात. साचलेल्या स्वच्छ द्रवातून प्रतिध्वनी येत नाही, त्यामुळे भरलेले मूत्राशय किंवा फुप्फुसाभोवतीचे पाणी पडद्यावर काळे दिसते.

प्रकाशाचे वागणे उलट असते. पाण्यात त्याचा वेग कमी होतो आणि अपवर्तनांक १.३३ येतो. परीक्षेसाठी डोळ्यातील अपवर्तन वाचावेच, पण वॉर्डात रोज उपयोगी पडतो तो पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दाखवणारे यंत्र. त्यातील ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन जास्त शोषते आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त प्रकाश ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन जास्त शोषते. यंत्र नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारा भाग तेवढा मोजते. शरीरातील पाणी फार कमी झालेल्या रुग्णाची बोटे गार पडतात, ठोका क्षीण होतो आणि आकडा भरवशाचा राहत नाही. अशा वेळी मनगटावर नाडी स्वतः मोजून ती यंत्रावरील नाडीशी जुळते का हे आधी पाहावे, आणि मगच आकडा चार्टवर लिहावा.