सौंदर्यप्रसाधनांतलं शिसं-पारा तपासायला येणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

नागपुरात एम.एस्सी. केमिस्ट्री किंवा कॉस्मेटिक टेक्नॉलॉजी करून टेस्टिंग लॅबमध्ये आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "आयसीपी-एमएसवर कधी बसवणार?" आयसीपी-एमएस म्हणजे अगदी बारीक प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र. मशीन हातात बसायला फार काळ लागत नाही. खरं काम त्याच्या आधीचं, डायजेशनचं, म्हणजे सॅम्पल अ‍ॅसिडमध्ये विरघळवण्याचं. ते नीट शिका.

लिपस्टिकच घ्या. त्यात मेण, तेल, रंग आणि चमक देणारा अभ्रक. साधारण 0.2 ग्रॅम टेफ्लॉनच्या व्हेसलमध्ये तोलून घ्यायचं, नायट्रिक अ‍ॅसिड घालायचं आणि थांबायचं. तपकिरी धूर निघतो, तो फ्यूम हूडमध्येच बसू द्या. मग झाकण, मग मायक्रोवेव्ह. घाई केलीत तर आत दाब एकदम चढतो, व्हेंट उघडतो आणि सॅम्पल गेलं. उघड्या बीकरमध्ये हॉटप्लेटवर उकळायचा शॉर्टकट तर पाऱ्यासाठी नकोच. पारा उडून जातो आणि विषारी क्रीम कागदावर पास होते.

असं क्रीम लोकांच्या हाती पडलं तर काय होतं, हे विदर्भानं पाहिलंय. गोरेपणाच्या क्रीममुळे अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघांच्या किडन्यांवर परिणाम झाल्याचं 2023 मध्ये समोर आलं. त्या क्रीममध्ये पारा निघाला होता.

कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 प्रमाणे डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली, तर बाकीच्यांत नकळत आलेला पारा 1 पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) वर चालत नाही. 0.2 ग्रॅमचं 50 मिली केलं की द्रावणात उरतात फक्त 4 पीपीबी (अब्जात चार भाग). एवढ्या खाली नीट न धुतलेला फ्लास्कसुद्धा आकडा बिघडवतो. म्हणून प्रत्येक बॅचबरोबर ब्लँक (सॅम्पलशिवाय नुसतं अ‍ॅसिड) आणि स्पाइक (ठाऊक असलेला धातू मुद्दाम घातलेलं सॅम्पल) लावायचाच. रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी परत सापडलेला धातू, 60 टक्के आली तर गुणाकार करून आकडा सावरू नका, बॅच परत लावा.

एकाच द्रावणात मोजताना पारा आणि आर्सेनिक यांचं एकमेकांशी जमत नाही, हे मला या कामातलं सगळ्यात सुंदर कोडं वाटतं. पारा नळ्यांना चिकटून बसतो, पुढच्या सॅम्पलमध्येही डोकावतो. तो द्रावणात टिकावा म्हणून थोडं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड किंवा सोन्याचं द्रावण घालतात. पण हायड्रोक्लोरिकमधून क्लोरीन आला की यंत्रातल्या प्लाझ्माच्या (अतितप्त वायूच्या) आर्गॉनशी जुळून 75 वस्तुमानाचा आयन तयार होतो आणि आर्सेनिकही नेमकं 75 वरच मोजतात. मग आर्सेनिक नसतानाही दिसतं. हेलियमशी टक्कर घडवून असे जोड-आयन गाळणारा कोलिजन (collision) मोड वापरा, नाहीतर पाऱ्यासाठी द्रावणाचा वेगळा भाग काढा.

डायजेशननंतर तळाशी पांढरा गाळ राहिला तर तो बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड आणि अभ्रक. नायट्रिकमध्ये ते विरघळत नाहीत. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागतं, पण ते काच खातं आणि कातडीतून आत शिरतं. त्यावरचा प्रथमोपचार, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, हाताशी नसेल तर सीनियर कितीही म्हणोत, बाटली उघडू नका.

सगळ्या लॅबमध्ये आयसीपी-एमएस नसतं. एएएस (एका वेळी एक धातू मोजणारं जुनं, साधं यंत्र) असेल तरी जॉइन व्हा. शिशासाठी 283.3 नॅनोमीटरवर ग्राफाइट फर्नेस (सॅम्पल तापवणारी भट्टी) चालवता आली आणि पाऱ्याची वाफ करून मोजायची कोल्ड व्हेपर पद्धत जमली, की पुढचं मशीन सोपं जातं. मुलाखतीत पगाराआधी एवढं विचारा, "एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) स्कोपमध्ये कॉस्मेटिक्स आहे का, आणि नव्या माणसाला डायजेशन करू देता का?"