सिम्युलेशनचे पाठ्यपुस्तक स्वतःहून कसे अभ्यासावे

सिम्युलेशनवरचे, म्हणजे खऱ्या व्यवहाराची आकड्यांत नक्कल करून पाहण्याच्या तंत्रावरचे, जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून ओळीने वाचायला घेतले, की बहुतेक जण संभाव्यतेच्या प्रकरणातच अडकतात. त्याऐवजी व्याख्यांची पाने चाळून थेट एका खिडकीपुढच्या रांगेचे उदाहरण गाठावे.

ते आधी कागदावर सोडवावे. समजा, चार गिऱ्हाइके ०, २, ५ आणि ६ व्या मिनिटाला आली व त्यांच्या कामांना अनुक्रमे ४, ३, ४ आणि २ मिनिटे लागली. पहिल्याचे काम चौथ्या मिनिटाला संपते, म्हणून दुसरे २ मिनिटे थांबते. ते सातव्या मिनिटाला मोकळे होते, त्यामुळे तिसरेही २ मिनिटे थांबते आणि चौथ्याच्या वाट्याला ५ मिनिटे येतात. सरासरी सव्वादोन मिनिटे. हा तक्ता हाताने भरल्याशिवाय पुढचे पान उलटू नये.

मग एक्सेलमध्ये हजार ओळींचा तक्ता करावा. दोन गिऱ्हाइकांमधले अंतर सरासरी ५ मिनिटे, काम सरासरी ४ मिनिटांचे आणि दोन्हींचे वितरण घातांकी (छोटे काळ वारंवार, मोठे क्वचित) धरावे. ० ते १ मधल्या यादृच्छिक (रँडम) संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन त्याला उणे सरासरीने गुणले, की हवा तो काळ मिळतो. सिद्धांताप्रमाणे रांगेतली सरासरी प्रतीक्षा १६ मिनिटे असते. तुमच्या तक्त्यात मात्र कधी १२ येतील, तर कधी २२. सूत्र चुकले असे वाटून येथेच अनेक जण पुस्तक मिटतात. खिडकी ८० टक्के वेळ कामात असल्यामुळे एकदा लांबलेली रांग लवकर ओसरत नाही, आणि म्हणून हजार गिऱ्हाइकेही कमी पडतात.

आता निष्पत्तीच्या विश्लेषणाचे, म्हणजे आलेल्या आकड्यांवर कितपत विसंबावे हे सांगणारे, प्रकरण उघडावे. ते बहुधा पुस्तकाच्या उत्तरार्धात असते आणि परीक्षेच्या घाईत सुटते. माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा जीव तेथेच आहे. तोच तक्ता तीस वेळा नव्याने चालवून सरासरीबरोबर विश्वासांतरही, म्हणजे खरी सरासरी ज्या पट्ट्यात असण्याची बरीच खात्री असते तो पट्टाही, काढावे. जुन्या आवृत्तीतले प्रोग्रॅम फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत असले तरी बिचकू नये, तर्क तोच असतो.

यादृच्छिक संख्यांचे प्रकरण शेवटी घ्यावे आणि त्यातला ‘रँडू’ हा आयबीएमच्या संगणकांवर एके काळी सर्रास वापरला गेलेला, अशा संख्या तयार करणारा जनक स्वतः लिहून पाहावा: विषम संख्येपासून सुरुवात करून दर वेळी ६५५३९ ने गुणावे आणि २ च्या ३१ व्या घाताने भागून बाकी ठेवावी. लागोपाठच्या तीन-तीन संख्यांचे बिंदू काढून आलेख हळूहळू फिरवला, की विखुरलेले वाटणारे ते सगळे बिंदू अवघ्या १५ समांतर प्रतलांवर बसलेले दिसतात.